कानाच्या आकाराचा शिंपला

पातं लावताना दात खाली.
पहिल्या महिन्यात एवढं एकच वाक्य मिळालं
हान दोक-सू यांच्याकडून, तेही पाठमोरं,
सरसाचं भांडं ढवळता ढवळता.
उलटं लावलंस तर शिंपला चावेल, म्हणाले.
लावलं. चावला.

मी तोंग्योंगच्या धक्क्यावरून आलेली,
कालवं सोलायच्या शेडमधून.
तिथं शिंपला म्हणजे कचरा,
मांस काढून पाठीमागं फेकायची वस्तू.
इथं मांस कुणी विचारतच नव्हतं.

पातं म्हणजे घोड्याच्या शेपटीचा एक केस,
त्याला कुणी तरी दात काढून दिलेले.
चौकटीत ताणून नखानं छेडायचं:
टण् वाजलं तर कामाचं,
भद्द वाजलं तर सोड, पुन्हा आवळ.
मेणाच्या गोळ्यावरून एकदा फिरव. एकदाच.
पहिल्या दिवशी मी एकतीस पाती तोडली
आणि तुकडे खिशात लपवले.
संध्याकाळी त्यांनी काही न विचारता
एक रिकामी काडेपेटी पुढं सरकवली.

बाकाच्या कडेला लाकडाची जीभ,
जिभेत चिमणीच्या चोचीएवढी खाच.
करवत ओळंब्यासारखी उभी, वर, खाली.
ती वळत नाही.
वळतो तो शिंपला, डाव्या हाताच्या दोन बोटांखाली.
कोपरा आला की पुढं जायचं नाही,
रांगेत ताटकळलेला माणूस पाय हलवतो
तसं जागच्या जागी चालत राहायचं,
तोवर सगळं जग पाव वळण घेतं.
धूळ फुंकायची नाही.
ओल्या फडक्यानं टिपायची,
ती छातीत जाते आणि तिथंच घर करते.
हे त्यांनी सांगितलं नाही. खोकून दाखवलं.

त्या थंडीत त्यांचा हात थरथरू लागला.
खणातून त्यांनी एक पुडकं काढलं,
बावीस वर्षांपूर्वीचं वर्तमानपत्र, आत जोनबोक,
कानाच्या आकाराचा, घासून कागदाएवढा पातळ केलेला.
त्यांच्या बहिणीनं, माल-रेनं, काढलेला,
सात वाव खाली, एका श्वासात.
हिरवा, तिरका धरला की जांभळा,
आणि मधे एक रंग, ज्याला नाव द्यायला
ती आता नाही.

सारस पक्षी, म्हणाले. पाय तू काप.

कागदावरची नक्षी खळीनं चिकटवली.
पंख झाले. मान झाली.
एक पाय झाला, शेवयीएवढा.
दुसरा गुडघ्यात गेला.
आवाज असा काही झाला नाही,
ताटात तांदळाचा दाणा पडावा इतकाच.

ते बाहेर गेले. दाराशी उभे राहिले.
खाली बंदरात बर्फाची गाडी रिकामी होत होती,
ती पूर्ण रिकामी होईपर्यंत उभे राहिले.

आत येऊन पट्टी मागितली, सुरी मागितली.
उरलेल्या सगळ्या शिंपल्याच्या त्यांनी पट्ट्या पाडल्या,
सुईइतक्या बारीक.
मग पट्टी लाखेच्या काळ्यावर टेकवायची,
सरसाला जीभ लावायची, सुरीचं टोक दाबायचं:
कट्.
पुढं सरक. कट्.
ह्याला तोडावंच लागतं, म्हणाले,
अख्खी पट्टी वळत नाही.
सुरी दाबताना त्यांचा हात थरथरत नव्हता.

अकरा दिवस आम्ही दोघं चाटत होतो.
सरसाला सुकटाची चव येते.
रात्री भाताला चव लागत नसे,
आणि जीभ दातांना लागली की खरखरीत.

डबा पुरा झाला तेव्हा झाकणावर
लाटाच लाटा, हजारो तुकड्यांच्या,
आणि त्यात सारस, एका पायावर.
बुसानचं गिऱ्हाईक म्हणालं, किती शांत उभा आहे.
दोक-सू यांनी पैसे मोजले,
दोनदा मोजले.

काडेपेटी भरली तशी मी नवी मागितली.
तुटकी टोकं काडीत रोव, म्हणाले,
भोकं पाडायला उपयोगी पडतात.
ते परत पाठमोरे झाले.
मी पातं लावलं. दात खाली.
नखानं छेडलं, आणि पाहिलं,
त्यांनी ढवळणं थांबवून
कान इकडे केला होता.